विमान भरलंय, जागा सोडता का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालन्यात माझं तिकिटं काढून देण्याचं काम आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी विमानाचं तिकीट मागणारा माणूस महिन्यातून एखादा यायचा. आता घनसावंगी-परतूरपासून माणसं येतात. कुणाची लेक अमेरिकेत बाळंत होणार असते, कुणाचा मुलगा दुबईत कामाला असतो, कुणाला तपासणीसाठी दिल्ली गाठायची असते. आणि विमानतळावरून मला फोन येतो, "दादा, ते म्हणतात विमान जास्त भरलंय, उद्या जाता का, पैसे देऊ. काय करू?" मागे काउंटरवाला घाई करत असतो आणि माझ्याकडे उत्तर द्यायला दोन मिनिटंही नसतात. म्हणून वर्षानुवर्षं येणारे प्रश्न इथे एका जागी लिहिले आहेत. निघण्याआधी वाचा, घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

१. माझं तिकीट कन्फर्म आहे. मग जागा नाही असं कसं होतं?

रेल्वेत आपल्याला वेटिंग आणि आरएसी माहीत आहे. तिथे कन्फर्म म्हणजे बर्थ नंबर हातात. विमानात कन्फर्म तिकीट म्हणजे त्या विमानाने नेण्याचा करार. अमुक खुर्ची तुमचीच, असा त्याचा अर्थ बहुतेक वेळा होत नाही. दर फेरीला काही प्रवासी येतच नाहीत. कुणाची मीटिंग रद्द होते, कुणाचं आधीचं विमान उशिरा येतं. रिकामी खुर्ची उडाली की तिचं भाडं बुडालं. म्हणून कंपनी जुन्या अनुभवावरून अंदाज बांधते. समजा १८० जागा आहेत आणि सहा-सात लोक येणार नाहीत असं वाटतंय, तर ती १८६ तिकिटं विकते. बहुतेक वेळा हिशेब जुळतो. ज्या दिवशी सगळेच येतात, त्या दिवशी काउंटरवर गर्दी होते.

जास्त तिकिटं न विकताही हे घडू शकतं. मोठं विमान नादुरुस्त झालं आणि जागेवर छोटं आलं, की तीच वेळ येते.

२. हे बेकायदेशीर नाही का?

नाही. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ही प्रथा मान्य करतं, पण ती मोकाट सोडत नाही. प्रवाशाला जागा नाकारणं, फेरी रद्द होणं आणि विलंब होणं याबद्दलचे नियम २०१० मध्ये आले आणि १ ऑगस्ट २०१६ पासून भरपाईच्या रकमा वाढल्या. त्यातली पहिली अट अशी, की जागा कमी पडत असतील तर कंपनीने आधी स्वखुशीने जागा सोडणारे शोधावेत. थेट कुणाला बाजूला काढायचं नाही.

ही कल्पना अमेरिकेतली. ज्युलियन सायमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये सुचवलं होतं, की ज्याला घाई नाही त्याला त्याची किंमत विचारा आणि सर्वांत कमी मागेल त्याची जागा घ्या. कंपन्यांनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. पुढे १९७२ मध्ये ग्राहक चळवळीतले राल्फ नादर यांनाच कन्फर्म तिकीट असताना जागा नाकारली गेली. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर दावा चालवण्याचा त्यांचा मार्ग खुला ठेवला. त्यानंतर सत्तरचं दशक संपता संपता "आधी इच्छुकांना विचारा" हा नियम झाला. आज काउंटरवर आपल्याला जे विचारतात, त्याची मुळं तिथे आहेत.

३. "जागा सोडली" आणि "उतरवलं" यात फरक काय? शेवटी दोघंही मागेच राहतात ना?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

तुम्हाला तुमच्या इच्छेविरुद्ध थांबवलं, तर भरपाई किती हे नियमाने ठरलेलं आहे (प्रश्न ५). तुम्ही स्वखुशीने थांबलात, तर तो तुमचा आणि कंपनीचा आपसातला व्यवहार होतो. तुम्हाला मिळतं ते त्या कागदावर लिहिलेलं आणि तेवढंच. एका सहीने तुम्ही पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत जाता आणि नंतर मागे येणं फार अवघड असतं.

परतूरकडचे एक काका-काकू काही वर्षांपूर्वी मुंबईहून निघाले होते. काउंटरवरच्या मुलीने गोड बोलून इंग्रजी फॉर्म पुढे केला आणि "इथे सही करा, उद्या सकाळी पाठवतो" म्हणाली. त्यांना वाटलं, विमान चुकलं म्हणून ही नोंद असेल. तो स्वखुशीचा फॉर्म होता. हातात आलं तीन हजारांचं व्हाउचर, तेही सहा महिन्यांत वापरायचं. रात्र दोघांनी विमानतळावरच्या खुर्च्यांवर काढली, कारण हॉटेलचा शब्द कागदावर नव्हता. मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, "व्हॉलंटिअर" हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा आणि आधी मला फोन करा.

४. भारतात स्वखुशीने जागा सोडली तर सरकारी नियमाप्रमाणे किती मिळतात?

नियमात आकडा नाही. इच्छुकाला काय द्यायचं हे कंपनीच्या मर्जीवर सोडलं आहे. कुणी फुकट परतीचं तिकीट देतं, कुणी व्हाउचर, कुणी रोख. म्हणून इथे मागणाऱ्याची तयारी कामी येते. माझा सल्ला असा, की प्रश्न ५ मधली रक्कम मनात धरा आणि त्याखाली फारसं उतरू नका. तुम्ही नकार दिला तर कंपनीला कुणाला तरी तेवढं द्यावंच लागणार आहे.

५. मी नाही म्हटलं तरी बसू दिलं नाही. मग?

तुमच्याकडे कन्फर्म तिकीट असेल आणि तुम्ही वेळेत चेक-इनला हजर असाल, तर हिशेब असा.

मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं, तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत सुटणाऱ्या विमानात बसवलं, तर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार यांच्या २०० टक्के, पण कमाल १०,००० रुपये. चोवीस तासांनंतरचं विमान दिलं, तर ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये. दुसरं विमान नकोच म्हणालात, तर तिकिटाचे सगळे पैसे परत आणि शिवाय ४०० टक्के, कमाल २०,०००.

तिकिटाची एकूण रक्कम इथे धरत नाहीत. पावतीवर "बेस फेअर" आणि "फ्युएल चार्ज" वेगळे लिहिलेले असतात, त्यांची बेरीज करा. समजा बेस ३,००० आणि इंधन ६०० असेल, तर धरायची रक्कम ३,६००. चोवीस तासांच्या आत पाठवलं तर ७,२००, नंतर पाठवलं तर १४,४००. बेरीज ६,००० असेल तर दुप्पट १२,००० होते, पण मिळतात १०,०००.

हे नियम फक्त कागदावर नाहीत. जून २०२२ मध्ये जागा नाकारलेल्या प्रवाशांना भरपाई न दिल्याबद्दल डीजीसीएने एअर इंडियाला १० लाखांचा दंड केला होता.

६. सही करण्याआधी काय काय विचारायचं?

फोनवर सांगायला वेळ नसतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे पुढचं विमान कोणतं आणि त्यात जागा पक्की आहे का. "उद्याच्या फेरीत बघू" हे उत्तर नव्हे. नवीन पीएनआर किंवा नवीन बोर्डिंग पास हातात पाहिजे. ते विमानही भरलेलं असेल आणि तुमचं नाव वेटिंगला टाकलं असेल, तर उद्या तुम्ही परत याच काउंटरवर उभे असाल. एक माणूस आमच्या डोळ्यांदेखत दोन दिवस अडकला होता.

दुसरं, मोबदला नेमका किती, कोणत्या रूपात, कधी हातात. रोख असेल तर इथेच, की खात्यावर? खात्यावर असेल तर किती दिवसांत?

तिसरं म्हणजे मधला वेळ. जेवण, हॉटेल, हॉटेलपर्यंतची गाडी आणि सकाळी परत आणणारी गाडी. स्वखुशीने थांबणाऱ्याला हे आपोआप मिळेल असं धरू नका. मागा, आणि फॉर्मवर लिहून घ्या. सोबत मधुमेहाचं माणूस असेल तर जेवणाची वेळही विचारा. मी स्वतः हे विचारायला एकदा विसरलो आणि आईला रात्री अकरा वाजता चहा-बिस्किटावर भागवावं लागलं. ते अजून मनातून जात नाही.

हे सगळं ठरल्यावर फॉर्मचा फोटो काढा. काउंटरवाल्याचं नाव आणि वेळ त्याच फोटोखाली लिहून ठेवा. कुणी म्हणालं, "लिहायची काय गरज, मी सांगतोय ना," तर शांतपणे सांगा, "तुमची ड्युटी संपली की मी कुणाला विचारू?" तोंडी शब्द त्या माणसाबरोबर घरी जातो.

७. व्हाउचर घ्यावं का रोख?

वर्षातून तीन-चारदा विमानाने जाणाऱ्याला व्हाउचर चालेल. वर्षा-दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्याने रोखच मागावी, रक्कम थोडी कमी असली तरी. व्हाउचरच्या अटी बारीक अक्षरात असतात. मुदत किती, दिवाळी-मेमध्ये चालतं का, घरातल्या दुसऱ्याच्या नावावर वापरता येतं का, कर वेगळे भरावे लागतात का, उरलेली रक्कम परत मिळते का. आमच्या भागातल्या कितीतरी लोकांची व्हाउचरं कपाटात पडून वाया गेली आहेत, कारण मुदतीच्या आत कुणाचं परत जाणंच झालं नाही.

८. किती मागावं? पहिल्या बोलीला हो म्हणावं का?

परदेशात हा सरळ लिलाव असतो. चेक-इनच्या वेळी मोबाइलवरच विचारतात, "किती घ्याल?" गेटवर आकडा हळूहळू वाढतो. आपल्याकडे बोली एकदाच होते आणि ती कमी असते. तरीही शांतपणे विचारायला हरकत नाही, "यात वाढ होईल का? हॉटेल यात धरलंय का?" आवाज चढवू नका. समोरच्या पोराच्या हातात थोडंफार वाढवायचा अधिकार असतो आणि तो नीट बोलणाऱ्यासाठी वापरला जातो, असा माझा अनुभव आहे.

फार ताणूही नका. दुसऱ्या चौघांनी हो म्हटलं की तुमची गरज संपली.

९. चिकलठाणा किंवा नांदेडहून निघताना हा व्यवहार परवडतो का?

बहुतेक वेळा नाही. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून एका शहराला दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात. नांदेडला तर काही मार्गांवर रोज विमानही नसतं. इथे जागा सोडली म्हणजे बहुधा पूर्ण दिवस गेला. मुंबई, पुणे किंवा हैदराबादहून दिल्लीला जाताना तीन तासांनी दुसरं विमान असतं. तिथे जागा सोडून चार पैसे मिळाले तर ते चांगलेच.

इथून मुंबईला निघालेल्यांना मी आणखी एक सांगतो. चिकलठाण्याला थांबायला सांगितलं आणि पैसे बरे असतील, तर समृद्धी महामार्गाने गाडीने जाणंही मोजून बघा. सकाळचं विमान सोडून संध्याकाळपर्यंत रस्त्याने मुंबई गाठता येते. पण मग तुम्हाला पुढचं विमान नको, पैसे परत पाहिजेत, हे सही करण्याआधी लिहून घ्या.

१०. कुणी जागा सोडूच नये?

ज्यांना वेळेवर पोचायचं आहे त्यांनी. दहाव्याला निघालेले, ऑपरेशनची तारीख असलेले, परीक्षा किंवा मुलाखत असलेले. दुबईच्या कंपनीत कामावर रुजू व्हायची तारीख जवळ आलेले. एकट्याने निघालेल्या वयस्कर बायका, ज्यांना भाषा येत नाही. यातल्या कुणालाही पाच हजारांसाठी थांबू नका असं मी सरळ सांगतो. परदेशात शिकायला निघालेल्या पोरांचंही तसंच. विद्यापीठाने दिलेली पोचायची तारीख आणि व्हिसाचा कागद आधी बघा. एका दिवसाने काही बिघडत नसेल तरच विचार करा.

वेगवेगळी तिकिटं काढलेल्यांसाठी प्रश्न १५ वाचा.

११. आई-बाबा अमेरिकेहून परत येताना तिथल्या विमानतळावर विचारलं तर?

अमेरिकेचे नियम तिथून सुटणाऱ्या विमानांना लागू होतात. मुंबईहून निघताना ते लागू नाहीत. तिथेही कंपनीने आधी इच्छुक शोधायचे असतात आणि इच्छुकाला किती द्यायचं यावर वरची मर्यादा नाही. एप्रिल २०१७ मध्ये शिकागोच्या विमानतळावर एका प्रवाशाला विमानातून ओढून काढल्याची चित्रफीत जगभर फिरली. त्यानंतर युनायटेड या विमान कंपनीने इच्छुकाला १०,००० डॉलरपर्यंत देण्याची तयारी जाहीर केली. एवढे पैसे रोज मिळत नाहीत, पण शे-दोनशे डॉलरवर समाधान मानण्याचं कारण नाही.

सक्तीने थांबवलं, तर देशांतर्गत प्रवासात एक ते दोन तास उशीर झाला, किंवा परदेशी जाताना एक ते चार तास, तर एकेरी भाड्याच्या २०० टक्के द्यावे लागतात. त्याहून जास्त उशीर झाला तर ४०० टक्के. जानेवारी २०२५ पासून या दोन्हींच्या मर्यादा अनुक्रमे १,०७५ आणि २,१५० डॉलर आहेत. आणि एकदा बोर्डिंग पास तपासून विमानात बसलेल्या प्रवाशाला, सुरक्षेचं किंवा आरोग्याचं कारण किंवा गैरवर्तन नसेल, तर उतरवता येत नाही.

मुलांना माझी विनंती आहे की आई-बाबांना विमानतळावर सोडताना बोर्डिंग होईपर्यंत फोन चालू ठेवा. तिथे त्यांच्या बाजूने इंग्रजीत बोलणारं कुणी नसतं.

१२. आणि युरोपातून?

युरोपीय संघाच्या विमानतळावरून सुटणारं कोणतंही विमान, किंवा तिथे जाणारं युरोपीय कंपनीचं विमान त्यांच्या नियमात बसतं. फ्रँकफर्टहून मुंबईला भारतीय कंपनीने आलात तरी नियम लागू. मुंबईहून फ्रँकफर्टला भारतीय कंपनीने गेलात तर लागू नाही. सक्तीने थांबवल्यास अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो. भारताचं अंतर ३,५०० किलोमीटरपेक्षा जास्त असल्याने आपल्या लोकांना बहुधा शेवटचा आकडा.

स्वखुशीने थांबलात तर ठरलेला मोबदला आणि शिवाय दोनपैकी एक निवडायचा हक्क: पैसे परत किंवा दुसऱ्या मार्गाने प्रवास. पण जेवण-हॉटेलचा जो हक्क सक्तीने थांबवलेल्याला मिळतो, तो इच्छुकाला आपोआप मिळत नाही. म्हणून प्रश्न ६ तिथेही तितकाच लागू आहे.

१३. बॅग आधीच आत गेली असेल तर?

परदेशी प्रवासात माणूस थांबला की त्याची बॅगही उतरवतात. देशांतर्गत प्रवासातही तशीच काळजी घेतली जाते. ती शोधून काढायला वेळ लागतो, म्हणून गेट बंद होण्याच्या क्षणी तयार झालात तर कंपनीलाच नको असतं. बॅग परत हातात मिळणार की उद्याच्या विमानात परस्पर चढणार, हे विचारा. औषधं, चष्मा, चार्जर आणि एक जोड कपडे नेहमी हातातल्या पिशवीत ठेवा. हॉटेलात बॅगेशिवाय रात्र काढावी लागू शकते.

१४. आम्ही चौघं एकाच पीएनआरवर आहोत. फक्त मी थांबलो तर चालेल का?

चालतं, पण पीएनआर तोडून दोन करावे लागतात. ते काउंटरवाल्याकडून तिथल्या तिथे करून घ्या आणि बाकी तिघांच्या जागा, जेवण, सामानाचं वजन पूर्वीसारखंच आहे का ते बघा. सगळं सामान तुमच्या नावावर चढवलं असेल तर मोठा घोळ होतो. लहान मुलं सोबत असतील तर हा विचारच करू नका.

१५. मुंबईहून पुढे दुबईचं तिकीट वेगळं काढलंय. चिकलठाण्याला जागा सोडू का?

अजिबात नाही. दोन तिकिटं वेगळी असतील तर पहिल्या कंपनीला दुसऱ्याची काही जबाबदारी नसते. इथे पाच हजार घेतले आणि तिथे पंचवीस हजारांचं तिकीट "नो शो" (प्रवासी आलाच नाही) म्हणून बुडालं, हे माझ्यासमोर झालेलं आहे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पुढचं विमानही तीच कंपनी बदलून देते. तरीही नवीन मार्ग नीट वाचा. काही देशांत नुसतं विमान बदलायलाही आपल्या पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो आणि काउंटरवाल्याच्या ते लक्षात राहीलच असं नाही.

१६. जागा सोडली तर परतीचं तिकीट रद्द होतं का?

व्हायला नको, पण होतं. पहिल्या टप्प्याला तुमची "नो शो" अशी नोंद पडली, तर त्याच तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे आपोआप गळतात. जागा सोडल्यावर काउंटरवरच सांगा, "परतीचं तिकीट चालू दाखवतंय का ते बघून सांगा." त्याच रात्री वेबसाइटवर स्वतः तपासा.

१७. इमिग्रेशनचा शिक्का पडल्यावर गेटवर विचारलं. आता हो म्हणता येईल?

येतं. मग कंपनीचा माणूस तुम्हाला परत इमिग्रेशनकडे नेतो आणि शिक्का रद्द होतो. तो रद्द झाल्याशिवाय बाहेर पडू नका, आणि पासपोर्टवर तशी खूण दिसते का ते पाहा. एकदाच प्रवेशाचा व्हिसा किंवा व्हिसाची शेवटची तारीख जवळ असेल, तर मी या फंदात पडणार नाही.

१८. आम्ही पोचायला दहा मिनिटं उशीर झाला आणि जागा दुसऱ्याला दिली. भरपाई?

नाही. चेक-इन बंद होण्याच्या वेळेत पोचलेल्यालाच हे संरक्षण आहे. देशांतर्गत प्रवासात ती वेळ साधारण सुटण्याआधी तासभराची असते. कंपनीप्रमाणे बदलते, तिकिटावर छापलेली असते. बीड किंवा हिंगोलीहून पहाटे निघणाऱ्यांनी रस्त्याची अर्धी वेळ जास्तीच धरावी. शक्यतो आदल्या दिवशी वेब चेक-इन करून खुर्ची नंबर घेऊन ठेवा. जागा कमी पडली की ज्यांना खुर्ची मिळालेली नाही ते आधी अडकतात.

१९. तिकिटावर एजंटचा मोबाइल नंबर आहे. काही बिघडतं?

बिघडतं, आणि आमच्या धंद्यातल्या लोकांची ही चूक आहे. फेरी रद्द झाली, वेळ बदलली की निरोप त्या नंबरवर जातो. रद्द झालेल्या फेरीच्या बाबतीत, तिकीट काढताना प्रवाशाचा नीट संपर्क दिलेला नसेल तर पैशाची भरपाई नाकारता येते, असं नियमच सांगतो. आपला स्वतःचा किंवा मुलाचा नंबर टाकायला लावा. एजंट कुरकुरला तरी टाकायला लावाच.

२०. मे महिन्यात विमानात जागा रिकाम्या दिसतात, तरी म्हणतात वजन जास्त झालं. हे खरं असतं का?

असू शकतं. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि उडायला जास्त धावपट्टी लागते. आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा दुपारच्या फेरीत वजन कमी करावं लागू शकतं. मग सामान किंवा माणसं मागे राहतात. वैमानिकाच्या या निर्णयाशी भांडू नका, तो जिवाचा प्रश्न आहे. पण कंपनीला विचारा, की मला कोणत्या कारणाने थांबवलं ते लिहून द्या. उन्हाळ्यात पर्याय असेल तर सकाळचंच विमान घ्या.

२१. मला दुसऱ्या दिवशीचं विमान दिलं. चोवीस तास मोजायचे कुठून?

तुमच्या मूळ विमानाच्या ठरलेल्या सुटण्याच्या वेळेपासून नव्या विमानाच्या सुटण्याच्या वेळेपर्यंत. काल सकाळी ९:०० चं विमान होतं आणि आज ८:४० चं दिलं, तर २०० टक्के. आज ९:४० चं दिलं, तर ४०० टक्के. तासाभराच्या फरकाने टक्केवारी दुप्पट होते. रोज विमान नसलेल्या मार्गावर तर हे हमखास चोवीसच्या पुढे जातं. काउंटरवर सांगण्याआधी स्वतः मोजून घ्या.

२२. मुंबईत थांबवलं. मी दुसरं विमान नको म्हणून रात्री देवगिरी एक्स्प्रेसने घरी आलो. पैसे मिळतील?

सक्तीने थांबवलं असेल तर मिळतील. तिकिटाची पूर्ण रक्कम आणि वर ४०० टक्के, २०,००० च्या मर्यादेत (प्रश्न ५). रेल्वेने गेलात, एसटीने गेलात की गाडी केलीत, याचा त्याच्याशी संबंध नाही. फक्त विमानतळ सोडण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्या: मला इच्छेविरुद्ध थांबवलं, आणि मी पर्यायी विमान घेतलेलं नाही. स्वखुशीच्या फॉर्मवर सही करून मग देवगिरी पकडली असेल, तर फॉर्मवर लिहिलेलं तेवढंच.

२३. "सही करा, नाहीतर काहीच मिळणार नाही" असं म्हणतात. खरं आहे?

खरं नाही. सही नाकारली म्हणून तुमचा भरपाईचा हक्क जात नाही, उलट शाबूत राहतो. असं कुणी म्हणालं तर एवढंच बोला, "मी स्वखुशीने थांबत नाही. तुम्ही थांबवत असाल तर तसं लिहून द्या." मराठीत बोला, हिंदीत बोला, घाबरू नका. ड्युटी मॅनेजरला बोलवा.

२४. बिझनेस क्लासचं तिकीट होतं, मागे बसवलं. हेही यातच येतं का?

हा वेगळा नियम आहे, फेब्रुवारी २०२३ पासूनचा. देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. परदेशी प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के.

२५. भरपाई दिली नाही. तक्रार कुठे करायची? त्यासाठी मुंबईला जावं लागेल का?

नाही. आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या माणसाला, ईमेल करा. त्यांचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. तिथे काही झालं नाही तर त्यांच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. त्याच वेळी सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार टाका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

तेवढ्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. तुम्ही जिथे राहता तिथल्याच आयोगात तक्रार दाखल करता येते. जालन्याचा माणूस जालन्यात, लातूरचा लातुरात, परभणीचा परभणीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत घटनेपासून दोन वर्षं आहे. तिकीट, बोर्डिंग पास, फॉर्मचा फोटो, हॉटेल-जेवणाच्या पावत्या जपून ठेवा. मी आजवर ज्यांना मदत केली, त्यातले निम्मे पावत्या फेकून आले होते.

२६. प्रवास विमा काढला होता. तो भरपाई देईल?

बहुतेक पॉलिसींमध्ये सक्तीने जागा नाकारल्यासच पैसे मिळतात. स्वतःहून थांबलेल्याला नाही.

२७. मी नाव दिलं, पण शेवटी त्यांना गरजच पडली नाही. मग?

मग तुम्ही तुमच्याच विमानाने जाता आणि मोबदला काही नाही. फक्त नाव दिल्यावर गेट सोडून चहाला जाऊ नका. इच्छुकांची नावं शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत ठरतात, आणि "जागा निघाली, या" असं पुकारल्यावर तुम्ही समोर नसलात तर तुमचंच विमान चुकेल. आधीची खुर्ची तुमच्याच नावावर आहे ना, ते बोर्डिंग पासवर पुन्हा एकदा बघून मगच आत शिरा. कधी कधी ती तेवढ्या वेळात दुसऱ्याला दिलेली असते.